मोठ्या एक्स्टर्नल हार्ड डिस्कचं डीफ्रॅग अडकतंय? काय तपासायचं, कोणत्या क्रमानं

दोन, चार, आठ टीबीची एक्स्टर्नल डिस्क आणि विंडोज १० किंवा ११. डीफ्रॅग लावलं की तक्रारी ठरलेल्या असतात. तासन्‌तास टक्केवारी हलत नाही. 'ऑप्टिमाइझ'चं बटण दाबताच येत नाही. डिस्क मध्येच गायब होते. सगळं पार पडूनही ती पूर्वीइतकीच मंद राहते.

यातल्या बहुतेक वेळा डीफ्रॅगचा दोष नसतो. डीफ्रॅग म्हणजे डिस्कवरचा बराचसा डेटा उचलून दुसरीकडे मांडणं. इतकं वाचन-लेखन एरवी कधी होत नाही, त्यामुळे केबल, वीज, फाइल सिस्टीम किंवा खुद्द डिस्क यांतलं लपलेलं दुखणं याच वेळी बाहेर पडतं. म्हणून खालचा क्रम पाळा. घाईनं आठव्या पायरीवर उडी मारली की डेटा जायची वेळ येते.

हाताशी काय हवं

- दुसरी डिस्क, निदान परत न मिळणारा डेटा मावेल एवढी
- डिस्कसोबत आलेली केबल आणि नक्की चालणारी आणखी एक
- लॅपटॉपचा चार्जर. डिस्क ३.५ इंची असेल तर तिचा मूळ १२ व्होल्टचा अडॅप्टर, आणि यूपीएस किंवा इन्व्हर्टरवरचा प्लग
- क्रिस्टलडिस्कइन्फो हा डिस्कची तब्येत दाखवणारा मोफत प्रोग्रॅम
- अ‍ॅडमिनिस्ट्रेटर अकाउंट
- मोकळी रात्र, जमल्यास अख्खा शनिवार-रविवार

कमांड इथे देवनागरीत दिल्या आहेत, टाइप मात्र इंग्रजी अक्षरांत करायच्या. उदाहरणांत डिस्कचं अक्षर 'ई' धरलं आहे. तुमचं वेगळं असेल तर ते घाला, आणि एंटर दाबण्यापूर्वी दोनदा बघा.

१. आधी बॅकअप

विंडोज प्रत्येक तुकडा आधी नव्या जागी लिहितं, मगच जुनी जागा सोडतं. त्यामुळे चांगल्या डिस्कवर डीफ्रॅग सुरक्षित असतं. तुमची डिस्क चांगली आहे की नाही, हे मात्र अजून ठरायचं आहे. लग्नाचे फोटो, ऑफिसची कागदपत्रं, हिशेबाच्या फाइल आधी दुसरीकडे न्या. बॅकअप नसेल तर इथेच थांबा.

२. डिस्क कोणत्या जातीची आहे ते ओळखा

एक्स्टर्नल एसएसडी असेल तर डीफ्रॅग करायचंच नाही. एसएसडीत फिरती तबकडी नसते, त्यामुळे फायदा जवळपास नाही आणि लेखनाची झीज मात्र होते. यूएसबीवरून जोडलेली एसएसडी विंडोजला कधी कधी साधी हार्ड डिस्क वाटते. म्हणून स्क्रीनवरच्या 'मीडिया टाइप'वर विसंबू नका, डिस्कवरचा मॉडेल नंबर वाचा.

हार्ड डिस्क असेल तर ती सीएमआर (डेटाचे पट्टे शेजारी-शेजारी, सुटे) आहे की एसएमआर ते शोधा. डीफ्रॅग अडकण्याचं सगळ्यात मोठं आणि सगळ्यात कमी माहीत असलेलं कारण इथे आहे. एसएमआर डिस्कवर डेटाचे पट्टे छपरावरच्या कौलांसारखे एकमेकांवर थोडे चढवून बसवलेले असतात. मधलं कौल बदलायचं तर त्याच्यावर चढलेली कौलं आधी उचलावी लागतात. तसंच इथे चार केबी बदलायला कित्येक एमबीचा पट्टा वाचून पुन्हा लिहावा लागू शकतो. रोजच्या वापरात हे जाणवत नाही, कारण डिस्क नवा डेटा आधी एका राखीव भागात घेते आणि निवांत असताना जागेवर लावते. डीफ्रॅग तिला निवांतपणाच देत नाही. राखीव भाग भरतो आणि मग सगळं ठप्प.

लक्षण अगदी स्पष्ट असतं. सुरुवातीला सेकंदाला १०० एमबीच्या आसपास वेग, थोड्या वेळानं पाच-दहा एमबी, कधी शून्य. टास्क मॅनेजरमध्ये मात्र त्या डिस्कचा 'अ‍ॅक्टिव्ह टाइम' १०० टक्क्यांवर चिकटलेला.

२.५ इंची, दोन टीबी किंवा त्याहून मोठी पोर्टेबल डिस्क असेल तर ती एसएमआर आहे असंच धरून चाला. कंपनीनं एसएमआर मॉडेलची यादी दिली असेल तर त्यात नंबर बघा. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटल, सीगेट आणि तोशिबा या तिन्ही कंपन्यांच्या काही मॉडेलमध्ये न सांगता एसएमआर वापरल्याचं उघड झालं, त्यानंतर ही माहिती मिळणं बरंच सोपं झालं.

एसएमआर डिस्कवर पूर्ण डीफ्रॅग लावू नका. आत कोणता डेटा कुठे आहे याचा नकाशा डिस्क स्वतःच ठेवते, त्यामुळे विंडोजच्या लेखी सलग झालेली फाइल प्रत्यक्ष तबकडीवर सलग असेलच असं नाही. कष्ट पूर्ण, फायदा अर्धवट. अशा डिस्कसाठी नववी किंवा दहावी पायरी. आधीच डीफ्रॅग लावून बसला असाल तर ते थांबवा आणि डिस्क काही तास नुसती जोडून ठेवा. ती आतल्या आत आवराआवर करत असते.

३. तब्येत तपासा

क्रिस्टलडिस्कइन्फो उघडून चार ओळी बघा:

- ०५: खराब झाल्यामुळे बदललेली सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे डेटा ठेवायचे छोटे कप्पे
- सी५: वाचता न आल्यानं निकालासाठी थांबलेली सेक्टर
- सी६: वाचता येतच नाहीत अशी सेक्टर
- सी७: डेटा नेताना झालेल्या चुका

पहिल्या तीन ओळींची 'रॉ व्हॅल्यू' शून्य हवी. सी५ किंवा सी६ शून्याच्या वर असेल तर डीफ्रॅगचा विचार सोडा, डेटा काढून घ्या आणि डिस्क बदला. खराब सेक्टरपाशी पोचलं की डीफ्रॅग तिथेच घुटमळतं. कित्येकांचं 'अडकलेलं डीफ्रॅग' म्हणजे हेच. सी७ वाढत असेल तर संशय बहुधा जोडणीवर. पुढची पायरी त्याचीच आहे.

यात एक फसगत होते. हा प्रोग्रॅम रॉ व्हॅल्यू मुळात सोळाच्या पायात दाखवतो, त्यामुळे आकडे भलतेच दिसतात. 'फंक्शन' मेन्यूत 'अ‍ॅडव्हान्स्ड फीचर', त्यात 'रॉ व्हॅल्यूज' आणि तिथे दहाचा पाया निवडा.

काही केसिंगमधली चिप ही माहिती पुढे पाठवतच नाही आणि यादी रिकामी येते. मग इव्हेंट व्ह्यूअर उघडा. 'विंडोज लॉग्ज'मधल्या 'सिस्टीम'मध्ये 'डिस्क' या नावाच्या नोंदी बघा. ७ नंबर म्हणजे खराब ब्लॉक, १५३ म्हणजे वाचन-लेखन पुन्हा करावं लागलं, १५७ म्हणजे डिस्क अचानक निघाली. १५३ च्या नोंदी ओळीनं दिसत असतील तर डीफ्रॅग का सरकत नव्हतं ते कळलं.

४. केबल, पोर्ट, वीज

डिस्क थेट कॉम्प्युटरच्या पोर्टला लावा, हब नको. डेस्कटॉप असेल तर मागच्या बाजूचा पोर्ट घ्या. पोर्टेबल डिस्कला असतो तो रुंद, दोन खणांचा यूएसबी ३ प्लग पूर्ण आत दाबा. तो अर्धवट बसला की डिस्क दिसते, चालतेही, पण यूएसबी २ च्या वेगानं, म्हणजे सेकंदाला फार तर ३५-४० एमबी. एका रात्रीच्या कामाला मग तीन रात्री लागतात.

यूएसबी २ पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतो, यूएसबी ३ चा ९००. २.५ इंची डिस्कला फिरायला सुरुवात करताना याहून जास्त लागू शकतं. जुना लॅपटॉप, लांब केबल किंवा हब असेल तर डिस्क टकटक करते आणि गायब होते. आखूड केबल लावा, चार्जर जोडा.

३.५ इंची डिस्कचा अडॅप्टर भिंतीतल्या प्लगवर चालतो. लॅपटॉप बॅटरीवर तग धरेल, डिस्क नाही. जिथे दिवे जातात तिथे ती यूपीएसवरच हवी.

५. फाइल सिस्टीम

'धिस पीसी'मध्ये डिस्कवर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज' बघा. तिथे 'एक्सफॅट' लिहिलं असेल तर 'ऑप्टिमायझेशन नॉट अव्हेलेबल' का येतं याचा उलगडा झाला. विंडोजचं स्वतःचं डीफ्रॅग एनटीएफएस आणि फॅट३२ वर चालतं, एक्सफॅटवर नाही. मॅक आणि टीव्ही दोन्हीकडे चालावी म्हणून पुष्कळ डिस्क एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केलेल्या असतात. विंडोजची 'कन्व्हर्ट' कमांड फॅट३२ चं एनटीएफएस करते, एक्सफॅटचं करत नाही. त्यामुळे इथेही उपाय दहाव्या पायरीचाच. मॅक एनटीएफएस डिस्क वाचतो, पण त्यावर लिहू देत नाही, हे आधी लक्षात घ्या.

फाइल सिस्टीम एनटीएफएस असूनही डीफ्रॅग नकार देत असेल तर कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि विचारा:

एफएसयूटिल डर्टी क्वेरी ई:

'डर्टी' असं उत्तर आलं तर विंडोजला तिथे बिघाडाची शंका आहे आणि ती फिटेपर्यंत डीफ्रॅग होणार नाही. तेव्हा चेकडिस्क चालवा, म्हणजे सी, एच, के, डी, एस, के ही अक्षरं जोडून लिहा आणि पुढे:

ई: /एफ

इथे बरेच जण /एफ ऐवजी /आर लावतात. /आर एकूण एक सेक्टर वाचतं. पाच टीबीच्या डिस्कला १०० एमबीच्या वेगानं साधारण १४ तास लागतात, यूएसबी २ वर ४० तास. मरणाला टेकलेल्या डिस्कला हा ताण झेपत नाही. तिसऱ्या पायरीत आकडे वाईट आले असतील तर आधी डेटा बाहेर काढा, /आर ला हात लावू नका.

डिस्कवर बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) असेल तर पासवर्ड देऊन उघडल्याशिवाय यातलं काहीच चालणार नाही.

६. मोकळी जागा

किमान १५ टक्के मोकळी हवी. त्याहून कमी असेल तर डीफ्रॅग अर्धवटच होतं, कारण तुकडे तात्पुरते ठेवायलाच जागा नसते. चार टीबीची डिस्क विंडोज ३.६३ टीबी दाखवतं, त्यातले सुमारे ५६० जीबी रिकामे हवेत. जागा अडवतात ती मुख्यतः दोन ठिकाणं: त्या डिस्कचा स्वतःचा रिसायकल बिन, आणि 'सिस्टीम व्हॉल्यूम इन्फर्मेशन' या लपलेल्या फोल्डरमधल्या शॅडो कॉपी. या शॅडो कॉपीतून फाइलची जुनी रूपं परत मिळवायची असतील तर सावध राहा. चार केबी क्लस्टर (फाइलला जागा देण्याचं सर्वांत लहान माप) असलेल्या डिस्कवर मोठं डीफ्रॅग केलं की त्यातल्या जुन्या कॉपी पुसल्या जाऊ शकतात.

७. आधी नुसतं विश्लेषण

डीफ्रॅग ई: /ए /व्ही

यात काहीही हलवलं जात नाही, फक्त अहवाल येतो. त्यातली टक्केवारी बघा. दहाच्या आत असेल तर डीफ्रॅगची गरज नाही, हे आमचं स्पष्ट मत. रात्रभर डिस्क घासून हाती काही लागत नाही.

अहवालाखालची एक बारीक टीप कुणी वाचत नाही: ६४ एमबीपेक्षा मोठे तुकडे मोजलेच जात नाहीत. म्हणजे ४० जीबीचा एक व्हिडिओ ८० एमबीच्या ५०० तुकड्यांत विखुरला असला तरी विंडोज 'शून्य टक्के' म्हणेल. हे बरोबरच आहे. सेकंदाला १०० एमबी वेग धरला तर ६४ एमबी वाचायला ६४० मिलिसेकंद लागतात, आणि पुढच्या तुकड्यापर्यंत हेड न्यायला दहा-पंधरा. नुकसान दोन टक्क्यांच्या आसपास. दुसरं सॉफ्टवेअर त्याच डिस्कवर लालेलाल नकाशा दाखवतं, कारण ते प्रत्येक तुकडा मोजतं. घाबरून लगेच पैसे भरू नका.

शून्य टक्के आणि तरीही डिस्क मंद? मग कारण वेगळं आहे. दोन लाख छोटे फोटो कॉपी करताना वेळ जातो तो प्रत्येक फाइल उघडण्या-बंद करण्यात. डीफ्रॅगनं त्यात फरक पडत नाही. असे फोटो जुने असतील तर वर्षवार झिप करून ठेवा.

८. प्रत्यक्ष डीफ्रॅग

इथपर्यंत सगळं ठीक असेल तरच. आधी 'पॉवर ऑप्शन्स'मध्ये तीन गोष्टी: 'स्लीप' बंद, 'टर्न ऑफ हार्ड डिस्क आफ्टर' शून्यावर, 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड' बंद. टॉरेंट, सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग, अँटिव्हायरसचं ठरलेलं स्कॅन, त्या डिस्कवर चालू असेल ते सगळं थांबवा. मग:

डीफ्रॅग ई: /यू /व्ही /एच

/यू मुळे प्रगती दिसते, /एच मुळे कामाला नेहमीची प्राथमिकता मिळते. तो लावला नाही तर डीफ्रॅग सगळ्यांच्या मागे उभं राहतं आणि ब्राउझर चालू असला तरी रेंगाळतं.

टक्केवारी १०० ला जाऊन पुन्हा शून्यावर आली तर डीफ्रॅग नव्यानं सुरू झालं असं समजू नका. विंडोज एकाच डिस्कवरून अनेक फेऱ्या मारतं. तुकडे जोडायच्या फेऱ्या वेगळ्या, मोकळी जागा एकत्र करायच्या वेगळ्या. प्रत्येक फेरीची टक्केवारी स्वतंत्र असते.

खरंच अडकलंय का हे टक्केवारीवरून ठरवू नका. रिसोर्स मॉनिटर उघडून 'डिस्क' टॅबमध्ये त्या ड्राइव्हचं वाचन-लेखन बघा. आकडे हलताहेत तोवर काम चालू आहे. अर्धा तास आकडे शून्य आणि दिवाही मिणमिणत नसेल तर कंट्रोल-सी दाबून थांबवा आणि इव्हेंट व्ह्यूअरकडे जा. केबल उपटू नका. थांबवल्यावर 'सेफली रिमूव्ह' करूनच डिस्क काढा.

तापमानावर लक्ष ठेवा. क्रिस्टलडिस्कइन्फो मुळात ५० अंशांना पिवळा इशारा देतो. मे महिन्यात नागपूर, अकोला, जळगावकडे खोलीच चाळीसच्या आसपास असते. तिथे दिवसा हे काम करूच नये. डिस्क पाउचमधून काढा, गादीवर ठेवू नका, कडक पृष्ठभागावर ठेवून वर पंखा लावा. पन्नास ओलांडले तर थांबवा. पुढच्या वेळी ते आहे तिथून पुढे चालू होतं, झालेलं काम वाया जात नाही.

९. एखाददुसरी फाइलच अडत असेल तर

व्हर्च्युअल मशीनची डिस्क, मोठा डेटाबेस, टीव्हीवर अडखळणारा एक व्हिडिओ, एवढ्यासाठी चार टीबी हलवायची गरज नाही. मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स संचातलं 'कॉन्टिग' हे छोटं मोफत साधन एकाच फाइलचे तुकडे जोडतं. कॉन्टिग, मग उणे चिन्हाला जोडून ए, मग फाइलचा पत्ता लिहिला की तुकडे किती ते कळतं. 'ए' काढून तीच कमांड दिली की ते जोडले जातात. एसएमआर डिस्कवरही हे चालण्याजोगं आहे, कारण लेखन मोजकं होतं.

१०. सगळं बाहेर, फॉरमॅट, सगळं परत

एसएमआर डिस्क, एक्सफॅट, किंवा ९५ टक्के भरलेली जुनी डिस्क, तिन्हींना हाच उपाय सर्वांत भरवशाचा आणि बहुतेक वेळा डीफ्रॅगपेक्षा जलदही. तीन टीबी डेटा १०० एमबीच्या वेगानं एका दिशेला सव्वाआठ तासांत जातो, कारण लेखन सरळ ओळीत होतं. एसएमआरला नेमकं तेच मानवतं.

कॉपीसाठी विंडोजमधलंच 'रोबोकॉपी' वापरा. /ई लावलं की रिकामे फोल्डरही येतात, आणि /डीकॉपी:टी लावलं की फोल्डरच्या तारखा टिकतात. दोन खाचखळगे आहेत:

- /एमटी लावू नका. त्यानं एका वेळी आठ फाइल कॉपी होतात आणि नवी डिस्क पहिल्याच दिवशी तुकड्यांनी भरते. एक्सप्लोररमध्ये चार खिडक्या उघडून एकदम कॉपी लावली तरी हेच होतं.
- ड्राइव्हच्या मुळापासून, म्हणजे थेट ई: वरून कॉपी केली तर पोचलेलं फोल्डर अदृश्य होतं. डेटा गेलेला नसतो, फोल्डरवर 'हिडन' आणि 'सिस्टीम' हे शिक्के बसतात. 'अ‍ॅट्रिब' कमांडला उणे एस, उणे एच आणि फोल्डरचा पत्ता दिला की ते दिसू लागतं.

कॉपी झाल्यावर दोन्हीकडे फाइलची संख्या आणि बाइटमधला आकार जुळवा. अधूनमधून दहा-वीस फाइल उघडून बघा, त्यात मोठे व्हिडिओ शेवटपर्यंत सरकवून. हे झाल्याशिवाय फॉरमॅट नाही. काही एसएमआर डिस्क ट्रिम, म्हणजे कोणती जागा आता रिकामी आहे ही विंडोजची सूचना, स्वीकारतात आणि तशा डिस्कवर क्विक फॉरमॅटनंतरही रिकव्हरी सॉफ्टवेअरला काही सापडत नाही.

फॉरमॅट एनटीएफएस, 'क्विक', क्लस्टर नेहमीचा चार केबी. डिस्कवर फक्त मोठे व्हिडिओ राहणार असतील तर ६४ केबी घ्यायला हरकत नाही, मात्र मग एनटीएफएसचं कॉम्प्रेशन मिळत नाही. परत भरताना आधी मोठ्या, क्वचित बदलणाऱ्या फाइल, नंतर रोजच्या वापराच्या.

११. पुन्हा तुकडे होऊ नयेत म्हणून

टॉरेंटच्या सेटिंगमध्ये फाइलसाठी जागा आधीच राखून ठेवायचा पर्याय असतो, तो लावा. नाहीतर डाउनलोड लॅपटॉपवर घ्या आणि पूर्ण झालेली फाइल डिस्कवर हलवा. सीसीटीव्ही किंवा टीव्हीच्या रेकॉर्डिंगला वेगळी डिस्क द्या. सतत लिहिणं-पुसणं आणि कायमचा साठा एका डिस्कवर नांदत नाहीत.

शेवटचं सेटिंग 'डीफ्रॅगमेंट अँड ऑप्टिमाइझ ड्राइव्हज'च्या खिडकीत. 'चेंज सेटिंग्ज'मध्ये जाऊन 'ड्राइव्हज'समोरचं 'चूज' दाबा. एसएमआर डिस्कसमोरची खूण काढा. नवी डिस्क आपोआप यादीत घेण्याची खूणही काढा. लॅपटॉपच्या आतल्या ड्राइव्हसमोरची खूण मात्र तशीच राहू द्या. ती एसएसडी असेल तर विंडोज तिला वेळच्या वेळी ट्रिम देत राहतं आणि ते तिला हवंच असतं.